मदत हवी आहे : दोन बिंदुप्रभारांमुळे विद्युत क्षेत्र शून्य कुठे? उत्तरे दोन येताहेत

नमस्कार मंडळी,

भौतिकशास्त्र पुन्हा पहिल्यापासून शिकते आहे. स्थिर विद्युतच्या प्रकरणात अडकले आहे आणि हे नीट समजल्याशिवाय पुढे जायचे नाही असे ठरवले आहे.

गणित असे. अ हा +४ मायक्रोकुलोमचा प्रभार आणि ब हा −१ मायक्रोकुलोमचा. ब हा अ च्या उजवीकडे ३० सेंटिमीटरवर. दोघांमधून जाणाऱ्या रेषेवर विद्युत क्षेत्र शून्य कुठे असेल?

सूत्र : क्षेत्र = स्थिरांक × प्रभार / अंतराचा वर्ग. अ पासूनचे अंतर क्ष मीटर धरले. क्षेत्र शून्य म्हणजे दोघांची क्षेत्रे सारखी, म्हणून मांडले :

४ / क्ष² = १ / (क्ष − ०.३)²

यातून क्ष = ०.६ आणि क्ष = ०.२ अशी दोन उत्तरे मिळतात. स्थिरांक ९ अब्ज घेऊन पडताळा पाहिला. २० सेंटिमीटरवर दोन्ही प्रभारांचे क्षेत्र ९ लाख न्यूटन प्रति कुलोम, अगदी तंतोतंत सारखे. तरी पुस्तकात उत्तर फक्त ६० सेंटिमीटर. २० का नाही?

दुसरी अडचण. ब च्या बरोबर वर, रेषेला लंब दिशेत ४० सेंटिमीटरवर प हा बिंदू आहे. पायथागोरसने अ-प अंतर ५० सेंटिमीटर. अ चे क्षेत्र १ लाख ४४ हजार, ब चे ५६ हजार २५०. बेरीज २ लाखांवर जाते, वजाबाकी ८८ हजारांच्या खाली येते. पुस्तक म्हणते सुमारे १ लाख ५ हजार. हे कुठून आले?

आणि ऋण प्रभाराचे उणे चिन्ह सूत्रात घालायचे की नाही? काही उदाहरणांत घातलेले दिसते, काहींत नाही.

प्रतिसाद १

समीकरण तुम्ही बरोबर सोडवले आहे, पण ते विचारते आहे वेगळेच. "दोन क्षेत्रांचे परिमाण (दिशा सोडून नुसता आकडा) कुठे सारखे आहे?" एवढेच त्यात विचारले आहे. वर्ग केला की दिशा पुसली जाते. क्षेत्र शून्य व्हायला परिमाणे सारखी हवीत आणि दिशाही विरुद्ध हव्यात. ही दुसरी अट समीकरणात कुठेच नाही, ती आपण पाहायची.

म्हणून आधी आकृती काढा आणि रेषेचे तीन भाग करा. प्रत्येक भागात एक छोटा धन प्रभार ठेवला तर तो कुठे जाईल, ते बघा.

अ आणि ब च्या मध्ये : अ त्याला उजवीकडे ढकलतो, ब त्याला उजवीकडेच ओढतो. दोन्ही एकाच दिशेला, मग शून्य कसे होईल? तुमच्या २० सेंटिमीटरच्या बिंदूवर क्षेत्र ९ अधिक ९, म्हणजे १८ लाख आहे. अ च्या डावीकडे दिशा विरुद्ध आहेत खऱ्या, पण तिथे अ मोठाही आहे आणि जवळही, ब त्याला कधीच पुरा पडणार नाही. ब च्या उजवीकडे मात्र दिशा विरुद्ध, आणि ब लहान असला तरी जवळ आहे. शून्य बिंदू तिथेच सापडणार. एवढे ठरले की मग बीजगणित. तेव्हा ०.२ आपोआप गळते.

चिन्हाबद्दल माझे ठाम मत : हाताने गणित करताना सूत्रात फक्त परिमाण घाला आणि दिशा आकृतीवरून ठरवा. कुलोमच्या (दोन प्रभारांमधल्या बलाच्या) सूत्रात चिन्हे घातली तर उणे उत्तराचा अर्थ "आकर्षण" एवढाच होतो. विद्यार्थी त्याचा अर्थ "डावीकडे" असा लावतात आणि तिथून सगळे बिघडते. सदिश रूपात (दिशेसकट) सूत्र लिहिणार असाल तर चिन्ह घालायलाच हवे. दोन्ही पद्धती चालतात, पण एकाच गणितात त्यांची सरमिसळ नको.

प्रतिसाद २

प बिंदूचे मी सांगतो. दोन क्षेत्रे एका रेषेत नाहीत, म्हणून नुसती बेरीज-वजाबाकी लागू नाही. घटक काढा.

अ पासून प कडे जाताना ३० सेंटिमीटर उजवीकडे आणि ४० वर, एकूण ५०. म्हणजे अ च्या क्षेत्राचा आडवा घटक १,४४,००० चा ०.६ पट = ८६,४०० आणि उभा घटक ०.८ पट = १,१५,२००. ब ऋण आहे, त्याचे क्षेत्र प वर सरळ खाली, ५६,२५०. उभ्या दिशेत उरले ५८,९५०. आता ८६,४०० आणि ५८,९५० यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढा : सुमारे १,०४,६००. दिशा आडव्या रेषेच्या वर साधारण ३४ अंश.

कोन शोधत बसू नका. बाजूंची गुणोत्तरे थेट वापरली की साइन-कोसाइनची गरजच पडत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! तीन भाग करून पाहायचे हे कुणी सांगितलेच नव्हते.

आता पुढचा प्रश्न. त्या ६० सेंटिमीटरच्या बिंदूवर तिसरा प्रभार क ठेवला, तर त्याच्यावरचे बल शून्य, मग तो कितीही असो, धन असो वा ऋण. पण क चे स्वतःचे क्षेत्र आहेच ना? मग तिथले क्षेत्र शून्य राहिले कुठे?

प्रतिसाद १

प्रभारावर त्याच्या स्वतःच्या क्षेत्राचे बल धरत नाहीत. क वरचे बल काढताना फक्त अ आणि ब मोजायचे, आणि त्यांच्यातले बल क आल्याने बदलत नाही. प्रत्येक जोडीचे बल स्वतंत्र, शेवटी सदिश बेरीज. हेच अध्यारोपणाचे तत्त्व.

अ आणि ब जागेवर पक्के बसवलेले असतील तर तुमचे म्हणणे खरे, क कितीही असू द्या. तिघेही मोकळे असतील तर मात्र क ची किंमत एकच चालते, ती म्हणजे +४ मायक्रोकुलोम. ब वर अ चे बल ०.४ न्यूटन डावीकडे, क चे ०.४ उजवीकडे. अ वर ब चे ०.४ उजवीकडे आणि क चे, अंतर दुप्पट पण प्रभार चौपट म्हणून, पुन्हा ०.४ डावीकडे. स्वतः करून पाहा, फार सुंदर गणित आहे. पण हा समतोल टिकाऊ नाही. मधला ब किंचित हलवून बघा.

धागाकर्ती

केले! अ आणि क पक्के धरून ब ला १ सेंटिमीटर उजवीकडे सरकवले. क चे बल ०.४२८, अ चे ०.३७५, म्हणजे ०.०५३ न्यूटनने तो आणखी उजवीकडेच ओढला जातो. १ सेंटिमीटर वर सरकवला तर मात्र ०.०२७ ने परत खाली येतो. हे जवळजवळ निम्मे आहे, योगायोग आहे का?

प्रतिसाद २

योगायोग नाही. रेषेला लंब दिशा दोन आहेत : वर-खाली आणि कागदाच्या आत-बाहेर. दोन्हीकडे परत ओढणारे बल ०.०२७, मिळून रेषेवर पळवणाऱ्या बलाएवढे. जिथे ब ठेवला आहे तिथे अ किंवा क चा काहीच प्रभार नाही, त्यामुळे गाउसच्या नियमानुसार (एखाद्या जागेतून बाहेर पडणारे एकूण क्षेत्र तिथल्या प्रभारावरच ठरते) तिन्ही दिशांचा हिशोब शून्यच यावा लागतो. एका दिशेत स्थैर्य मिळाले की दुसरीत ते जातेच. यालाच अर्नशॉचे प्रमेय म्हणतात. आता हेच गणित ब च्या जागी +१ घेऊन करा आणि कोणती दिशा स्थिर होते ते इथे लिहा.