ख्यालाच्या मैफलीत आवाजावर हलणारी चित्रं: सूत्रं यंत्राकडे की माणसाकडे?

खर्जातला (धागाकर्ता)

गेल्या हिवाळ्यात पुण्यात एका मैफलीला गेलो होतो. गायिकेच्या मागे मंचभर एलईडीची भिंत. तिच्या माइकचा आवाज थेट संगणकात जात होता आणि त्यावरून पडद्यावर रंगांच्या लाटा उठत होत्या. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, बारा मात्रांचा एकताल सुरू होता. बाईंनी गंधारावर आवाज अगदी बारीक केला, सगळं सभागृह कान देऊन ऐकत होतं, आणि नेमका त्याच वेळी पडदा विझला. आवाज लहान झाला म्हणजे काही घडत नाही, एवढंच त्या प्रोग्रॅमला कळत होतं. लगेच डग्ग्यावर (तबल्याच्या जोडीतल्या खर्ज्या वाद्यावर) एक घुमारा आला आणि भिंतभर स्फोट झाला. माझ्या बाजूचे दोघं तिघं दचकले.

हे तंत्र मला परकं नाही. टचडिझायनर आणि प्युअर डेटा या आवाज-चित्रं जोडायच्या दोन्ही सॉफ्टवेअरवर मी काम करतो आणि ते मला मनापासून आवडतं. इलेक्ट्रॉनिक संगीतात ते चपखल बसतं, कारण तिथे किक ड्रम ठरलेल्या जागी पडतो आणि खालच्या पट्टीतली ऊर्जा मोजली की काम होतं. ख्यालात मात्र समेची, म्हणजे तालाच्या आवर्तनातल्या पहिल्या मात्रेची, गंमत ती येण्याआधीच सुरू होते. गायक मुखड्याकडे (समेवर नेणाऱ्या बंदिशीच्या ओळीकडे) वळला की ऐकणाऱ्याला कळतं, हात वर जातो आणि सगळ्यांचे हात एकदम खाली येतात. विश्लेषण करणारा प्रोग्रॅम आघात झाल्यावर जागा होतो. सगळे समेवर येतात आणि पडदा समेनंतर येतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ख्यालाच्या मैफलीत नुसत्या ध्वनिविश्लेषणावर चालणारी चित्रं नकोत. दाखवायचीच असतील तर ताल जाणणारा माणूस कळ (बटण) हातात घेऊन बसलेला हवा. तुम्हाला काय वाटतं?

पिक्सेलवाली

असहमत. तुम्ही वाईट जोडणी पाहिलीत आणि दोष अख्ख्या पद्धतीला देताय.

बहुतेक जण सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन १०२४ नमुन्यांची खिडकी लावतात, म्हणजे एका वेळी आवाजाचा तेवढा तुकडा तपासतात. त्यातून कंपनसंख्येची एकेक पट्टी पडते सुमारे ४३ हर्ट्झ रुंद. काळी एकच्या (पेटीवरची पहिली काळी पट्टी सा धरून गाणाऱ्या) पुरुष आवाजाचा सा साधारण १३९ हर्ट्झवर आणि शुद्ध मध्यम १८५ वर. म्हणजे सा ते म मिळून जेमतेम एक पट्टी! त्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कशी दिसणार? कोमल रिषभ तर 'सा'पासून फक्त आठेक हर्ट्झ दूर. खिडकी ४०९६ केली तर पट्टी ११ हर्ट्झपर्यंत येते, पण मग खिडकीच ९३ मिलिसेकंदांची होते आणि चित्र रेंगाळतं.

यावर उपाय आहे. सुरासाठी पट्ट्या मोजायच्याच नाहीत, तरंग किती वेळाने स्वतःची पुनरावृत्ती करतो ते मोजायचं. २००२ मध्ये आलेली यिन ही पद्धत तेच करते. गाण्याआधी तानपुऱ्यावरून सा नोंदवून ठेवायचा आणि प्रत्येक सूर त्या 'सा'पासून मोजायचा. चित्राला आवाजाच्या मोठेपणाऐवजी सुराची जागा जोडली तर बारीक गंधारही पूर्ण तेजाने दिसेल.

दुसरी गोष्ट साउंडवाल्यांची. गायकाच्या माइकमध्ये तानपुरा आणि हार्मोनियम दोन्ही शिरतात. गायक थांबला तरी चित्र वळवळत राहतं ते यामुळे. मिक्सरवरून गाण्याची, डग्ग्याची आणि तबल्याची स्वतंत्र लाइन मागून घ्या, आणि डग्ग्याला पिझो (थेट कंपनं टिपणारी चकती) चिकटवा, म्हणजे शेजारचा आवाज त्यात जवळजवळ येत नाही. एवढं केलं की निम्मी भांडणं मिटतात.

आणि प्रकाश-संगीताची सांगड आज सुरू झालेली नाही. रशियन संगीतकार स्क्रियाबिनने १९१० च्या 'प्रोमेथियस' या वाद्यवृंद-रचनेमध्ये प्रकाशाला जागा दिली, आणि १९१५ साली न्यूयॉर्कला ती रचना रंगीत दिव्यांसह सादर झाली.

खर्जातला

@पिक्सेलवाली, सुराबद्दलचं सगळं मान्य. 'सा'पासून मोजणं हाच बरोबर रस्ता आहे. पण स्क्रियाबिनचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्याने प्रकाशासाठी स्वरलिपीत वेगळी ओळ लिहिली, ती वाजवायला कळफलक आणि वादक धरला. दिवे वाद्यवृंद ऐकून आपोआप लागत नव्हते. पुढे काय येणार हे ठाऊक असलेला संगीतकारच तिथे बसलेला होता.

काळी_दोन

मी गाते, म्हणून मंचावरून लिहिते. मागच्या भिंतीवर काय चाललंय ते आम्हाला दिसत नाही, समोरच्यांचे चेहरे मात्र दिसतात. लोक माझ्याकडे बघत असतील तर जागा पोचली की नाही ते डोळ्यांत कळतं आणि त्यावरून पुढची बढत (रागाचा विस्तार) ठरते. नजरा माझ्या डोक्यावरून मागे गेल्या की तो धागाच तुटतो. खिडकी १०२४ ची की ४०९६ ची, याने माझा प्रश्न सुटत नाही.

रागाला चित्र जोडणं आपल्याला नवीन नाही, हे मला माहीत आहे. रागमाला चित्रं पिढ्यानपिढ्या रंगवली गेली. पण चित्रकाराने तो राग मनात मुरवून, सावकाश, एका पानावर उतरवला. गळ्यातून निघालेल्या प्रत्येक हरकतीला पान बदललं नाही.

मधली_रांग

माझ्या वडिलांचा दोन्ही कानांचा त्रास वाढलाय. वरचे आवाज गेलेत. गाणं सुरू आहे हे समजतं, पण तबल्याच्या किनारीवरचे (चाटीवरचे) बोल ऐकू येत नसल्यामुळे ठेका हातातून सुटतो. आयुष्यभर टाळी-खाली मोजत ऐकलेला माणूस आता मैफलीत गप्प बसून राहतो. त्यांच्यासाठी बाजूच्या लहान पडद्यावर बारा ठिपके आणि आता कितवी मात्रा चालू आहे एवढंच दिसलं, तरी ते पुन्हा आवर्तनात येतील. रंग नकोत, लाटा नकोत. तुम्ही सगळे सौंदर्याचं बोलताय, इथे प्रश्न ऐकायला मिळण्याचा आहे.

पिक्सेलवाली

@मधली_रांग, हे आधी करायला हवं, खरंच. ठेका एकदा बसला की दोन आघातांमधल्या अंतरावरून पुढची मात्रा कधी पडेल याचा अंदाज बांधता येतो. मध्य आणि द्रुत तीनतालात हे चांगलं जमतं. यंत्र कायम मागेच राहणार, हे म्हणणं यामुळेच मला पटत नाही.

उशिराबद्दलही. दूरचित्रवाणीसाठी ठरलेल्या मापाप्रमाणे चित्र आवाजापेक्षा ४५ मिलिसेकंदांच्या आसपास मागे पडलं की ते जाणवू लागतं. सभागृहात मंचावरून आवाज १७ मीटर पार करून मागच्या रांगेत पोचायलाच ५० मिलिसेकंद लागतात. तिथल्या श्रोत्याला थोडं मागे पडलेलं चित्र उलट जुळून दिसेल.

खर्जातला

द्रुतात जमेल. पण बहुतेक बीट ट्रॅकर (ठोके ओळखणारे प्रोग्रॅम) मिनिटाला साठच्या वरचे ठोके गृहीत धरून बांधलेले असतात. अतिविलंबित एकतालात एक मात्राच चार-पाच सेकंदांची, आवर्तन मिनिटाच्या घरातलं. मात्रांच्या मधल्या भरावाचे बोल ऐकून प्रोग्रॅम त्यांनाच मात्रा समजतो. त्यात कुणी अनागत घेऊन समेच्या आधी ठेवलं किंवा अतीत करून नंतर, तर सगळ्यात ठळक आघात सम नसतोच. श्रोता हसून दाद देतो, कारण सम कुठे होती ते त्याच्या मनात पक्कं असतं. प्रोग्रॅमने मोजणी तिथून नव्याने सुरू केली की पुढचं आख्खं आवर्तन चुकीचं दिसणार, आणि @मधली_रांग यांच्या वडिलांनाही तेच चुकीचं दिसणार. म्हणून त्या बारा ठिपक्यांसाठी तर माणूस हवाच. दर समेला एक कळ दाबायची. तबला शिकणारा कुठलाही चांगला विद्यार्थी हे करेल.

लाइट_विभाग

नाटकांचे दिवे करतो. एक गोष्ट कुणी बोललं नाही. लखलखाट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा झाला तर प्रकाशाने झटके येणाऱ्या माणसांना धोका असतो, वेबसाइटसाठी तशी मर्यादाच घालून दिलेली आहे. द्रुतात तबल्याचे बोल सेकंदाला आठ-दहा सहज जातात. प्रत्येक बोलावर भिंत चमकवणं तिथल्या तिथे बंद करा. रंग बदला, आकार सरकवा, पण उजेडाची उघडझाप नको. शिवाय एवढी मोठी भिंत मागे पेटली की कलाकाराचा चेहरा काळा पडतो. तो समोरून उजळायला दिवे वाढवावे लागतात, आणि त्या दिव्यांची धग बसलेल्या माणसांना लागते.

पिक्सेलवाली

@लाइट_विभाग, पटलं, तीनची मर्यादा प्रोग्रॅममध्येच घालायला हवी. @काळी_दोन, चालू मैफलीत भिंत नको असेल तर तोच निर्णय अंतिम, तिथे वाद घालणार नाही. पण ध्वनिमुद्रणासोबत ही गोष्ट किती सुंदर होते ते मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेने ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठाबरोबर करून दाखवलंय: आलाप वाजतोय आणि सुराची रेघ त्याच्याबरोबर सरकतेय, मींड वळताना डोळ्यांना दिसते. शिकणाऱ्यासाठी ते मोलाचं आहे.

कळ दाबणाऱ्या माणसाबद्दल माझा आक्षेप कायम आहे. तो थकेल, दाद देण्यात रमेल, एखादी सम हुकेल. मला दोन्ही हवंय: माणसाने सम द्यायची, मधल्या मात्रा यंत्राने भरायच्या आणि सूर पूर्णपणे यंत्राकडे.

काळी_दोन

बारा ठिपक्यांचा पडदा श्रोत्यांकडे तोंड करून, बाजूला आणि लहान असेल, तर माझी हरकत नाही. माझ्या पुढच्या घरगुती बैठकीत लावून बघा. कळ मात्र माझ्या साथीदाराच्या शिष्याकडे द्या, तुमच्या टीममधल्या कुणाकडे नको.

खर्जातला

मी येतो. भरावाचे बोल वगळून मात्रा कशी ओळखायची, त्यासाठी डग्ग्याची आणि तबल्याची लाइन वेगवेगळी लागेल. @पिक्सेलवाली, पिझो तुमच्याकडे आहे का?