गॉडझिलाचं व्हिनाइल किट : सांधे, पाय आणि प्रायमरसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्लास्टिकची विमानं, रणगाडे बरेच जोडलेत, पण व्हिनाइलचं किट पहिल्यांदाच हाती आलंय. मामेभाऊ ओसाकाला असतो, त्याने येताना गॉडझिलाचं जुनं जपानी किट आणलं. १९५४च्या पहिल्या चित्रपटातला अवतार, म्हणजे डोक्याला कान आणि पायाला चार बोटं. पुढच्या काही अवतारांत कान गेले, बोटं तीन झाली, त्यामुळे माझा जीव याच्यावरच आहे.

सगळे भाग भांड्याच्या साबणाने टूथब्रश मारून धुतले, साच्यातलं तेल निघावं म्हणून. कडेचं जादा व्हिनाइल गरम पाण्यात मऊ करून कटरने काढलं. एवढं छान झालं.

आता अडलंय ते असं. शेपटी धडाला लावली की वरच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरची फट राहते आणि खवल्यांची रांग नेमकी तिथेच तुटते. एम-सील भरावं का? व्हिनाइल थोडं लवचीक, मग ते नंतर सुटून तर येणार नाही ना?

दुसरं, डावा पाय खोक्यात दबून आत वळलाय. मी नागपूरचा. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा पोकळ पाय वजनाने आणखी वाकतील अशी धास्ती आहे.

आणि प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, कोणता द्यावा? हार्डवेअरच्या दुकानातला इनॅमल स्प्रे व्हिनाइलवर कायम चिकट राहतो असं वाचलंय. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारायचं साधन) आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

इनॅमलला हातच लावू नका. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते हळूहळू वर येतं आणि इनॅमल वाळूच देत नाही. मॉडेलसाठीचे अ‍ॅक्रिलिक रंग घ्या, एअरब्रशने पातळ थर द्या. पहिला पोटाच्या खालच्या बाजूला मारून दोन दिवस थांबा.

पाय आधी सरळ करा. गरम पाण्यात धरा, हाताने वळवा, तसाच दाबून थंड पाण्यात बुडवा, आकार बसतो. मग धड चिकटवण्याआधी दोन्ही पायांत प्लास्टर ऑफ पॅरिस ओता, म्हणजे उन्हाळ्याची काळजी मिटली. मात्र एकदम भरू नका. प्लास्टर घट्ट होताना तापतं आणि त्या उष्णतेनेच व्हिनाइल परत मऊ पडतं. दोन-तीन बोटं ओतायचं, गार होऊ द्यायचं, मग पुढचं. मांडीच्या वर नको, तोल जाईल.

फटीला एम-सील चालेल. शेपटी आधी फेविक्विकने पक्की करा, म्हणजे सांधा हलणार नाही. कडा पॉलिशपेपरने खरवडून घ्या, नाहीतर गुळगुळीत व्हिनाइलवर ते धरत नाही. घट्ट व्हायच्या आत ओल्या सुईने खवले कोरा, शेजारची रांग बघून.

रंगाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो : हिरवा करू नका. चित्रपट कृष्णधवल होता, पण पोशाख काळपट राखाडी होता. काळ्यावर राखाडीचा ड्राय ब्रश मारा, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेला कोरडा ब्रश वरवर फिरवा, खवले आपोआप उठून दिसतील. शेपटीच्या सांध्याचा फोटो टाका, फट नक्की कुठे आहे ते बघून सांगता येईल.