मदत हवी आहे : डब्ल्यूडीएम-2 या डिझेल रेल्वे इंजिनाच्या मॉडेलची बॉडी कशात प्रिंट करावी?

एचओ मापातल्या (1:87, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान) डब्ल्यूडीएम-2 मॉडेलची तारीख परत पुढे ढकलली. पुरेशा ऑर्डरी जमल्याशिवाय कारखाना साचा मशीनवर चढवतच नाही, मग छोट्या गिऱ्हाइकाने बसायचं वाट बघत. तोवर अल्को (या इंजिनाचं मूळ डिझाइन करणारी अमेरिकन कंपनी) इंजिनाच्या मॉडेलच्या तयार चासीवर, म्हणजे चाकांसकट खालच्या सांगाड्यावर, थ्रीडी प्रिंटची बॉडी बसवायची आहे. खरं इंजिन 17.12 मीटर, म्हणजे मॉडेल साधारण 197 मिमी. बोगीतल्या (इंजिनाखालची चाकांची चौकट) तीन आसांची अंतरं असमान हवीत. सारख्या अंतराची बोगी लगेच डोळ्यांत खुपते. पण खरा घोळ उन्हाचा. लातूर-नांदेडकडच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत साधं रेझिन (प्रिंटसाठीचं, द्रवापासून घट्ट होणारं प्लास्टिक) वाकतं अन् बॉडीची कड बोगीला घासते. एबीएस प्लास्टिक टिकेल का? जाडी 1.2 मिमी ठेवू की 1.5? संभाजीनगर-जालन्यात कुणी प्रिंट काढून देतं का? पूर्ण पैसे आगाऊ मागणारा नको, तेवढं पुरे झालं.