पुस्तकातल्या आदर्श नगरात तुम्हाला जागा मिळाली का?

आदर्श समाज कागदावर वसवायची हौस फार जुनी. प्लेटोने तर आपल्या नगरातून कवींनाच बाहेर काढलं! पण इथे समीक्षा नको. असं एखादं नगर वाचताना 'यात मी कुठे असेन?' हा प्रश्न पडला असेल, तर तेवढंच लिहा. दोन ओळीही चालतील.

---

मी परिचारिका आहे. टॉमस मोरचं 'युटोपिया' (1516) रात्रपाळीत वाचत होते. दिवसाला सहा तास काम, दारांना कुलपं नाहीत, दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरांची अदलाबदल. सहा तासांवर जीव जडला, खोटं कशाला बोलू. मग सोन्याचं प्रकरण आलं. लोकांना हाव सुटू नये म्हणून तिथे सोन्याची मूत्रपात्रं करतात. हसू आवरेना. तेवढ्यात कोपऱ्यातल्या आजोबांनी हाक मारली. पडदा ओढला, भांडं दिलं, नेऊन रिकामं केलं, धुतलं, हात पुसत परत येऊन पुढे वाचलं, तर त्याच सोन्याच्या बेड्या गुलामांना! म्हणजे गुलाम आहेतच. जनावरं कापणं, भोजनगृहातली घाणीची कामं, सगळं त्यांच्या गळ्यात. तेव्हापासून कुठलंही आदर्श नगर हाती आलं की मी आधी बघते, इथे भांडी कोण उपसतं. बहुतेक लेखक त्या खोलीकडे फिरकतच नाहीत.

---

मला ही पुस्तकं झेपत नाहीत. पाहुणा येतो, यजमान त्याला हिंडवतो, पाहुणा एक ओळ विचारतो आणि यजमान पानंच्या पानं सांगत सुटतो. कोणी कोणावर जळत नाही, मग गोष्ट सरकणार कशी? एडवर्ड बेलामीच्या 'लुकिंग बॅकवर्ड' कादंबरीचा नायक 1887 मध्ये झोपतो तो थेट 2000 साली उठतो, आणि बघतो तर सगळे 45व्या वर्षी निवृत्त. ते साल येऊन गेलं. मी पन्नाशी ओलांडूनही पाट्या टाकतोय.

---

परिचारिका ताई, संत रैदासांचं (आपले रोहिदास) 'बेगमपुरा' हे पद वाचा. चामड्याचं काम करणाऱ्या माणसाने वसवलेलं नगर आहे ते. कराची धास्ती नाही, भीती नाही, दुय्यम-तिय्यम कोणी नाही. पण मी अडकलो ते वेगळ्याच जागी. तिथे माणूस मनाला येईल तिथे फिरतो, महालातही त्याला कोणी हटकत नाही. तत्त्वज्ञ मंडळी राज्यघटना आखतात, कामाचे तास ठरवतात. नुसतं मोकळं फिरायला मिळावं, हे मागायला वाटेत अडवलं गेलेला माणूसच लागतो. आमच्या घरात वाट बदलून चालल्याच्या आठवणी आहेत, त्यामुळे मला ते जास्त लागलं असेल.

---

आणि पसायदान? शाळेत रोज म्हटलं, त्यामुळे अर्थाकडे कधी लक्षच गेलं नाही. पुढे केव्हातरी त्यातला क्रम जाणवला. 'जो जे वांछील तो ते लाहो' हे मागणं आधी येत नाही. आधी खळांची व्यंकटी सांडते, जीवांचं मैत्र जडतं, दुरिताचं तिमिर जातं, मग कुठे ते येतं. माणसं सुधारल्याशिवाय हवं ते देऊन टाकायचं नाही, एवढी खबरदारी ज्ञानदेवांनी घेतली आहे. मित्र म्हणतो, "तू वकील, तुला प्रार्थनेतही अटी दिसतात." असेल बुवा.

---

बंगाली लेखिका रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' (1905) ही कथा मुलांना वाचून दाखवली. बायका राज्य चालवतात, पुरुष पडद्यात. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक, धुराचा पत्ता नाही. पुरुष कचेरीतले तास चिरूट ओढण्यात घालवतात आणि बायका तेच काम दोन तासांत उरकतात, यावर लेक खिदळली. आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "सगळेच तसे नसतात हं!" धाकट्याला वेगळीच काळजी. "मग मी खेळायला बाहेर कधी जायचं?" त्याची ताई म्हणाली, तुझं नगर तू लिही. त्याने ते मनावर घेतलंय. नकाशा तयार आहे, त्यात मैदानंच मैदानं, स्वयंपाकघर एकही नाही. जेवण कुठून येणार, असं विचारलं तर म्हणतो, "आई, ते नंतर ठरवू."