मदत हवी आहे: कोथरूडमधल्या राड्यारोड्याचा अंदाज कसा काढू?

नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी कोथरूडमध्ये पुनर्विकासात पाडल्या जाणाऱ्या सोसायट्यांमधून किती राडारोडा निघेल, याचा अंदाज काढतेय. उपग्रहचित्रावरून इमारतीचा ठसा (म्हणजे वरून दिसणारं तिचं क्षेत्रफळ), गुणिले मजले, गुणिले दर, अशी साधी पद्धत आहे. दर टायफॅकचे (केंद्र सरकारची तंत्रज्ञानविषयक संस्था) घेतलेत: पक्की इमारत पाडताना चौरस मीटरला ५०० किलो, अर्धपक्की ३०० आणि नवीन बांधकामाला ४० ते ६०.

घोडं अडलंय ते इथे. ठशात बाल्कन्या, पार्किंग सगळंच येतं, त्यामुळे क्षेत्रफळ फुगतं. शिवाय चार मजली आरसीसी इमारत आणि भिंतींवर भार असलेली जुनी दुमजली, दोन्ही 'पक्क्या'च. त्यांना एकच दर लावणं मला पटत नाही. पाडणारा ठेकेदार लोखंड, दारं-खिडक्या आधीच काढून विकतो, ते वजन वजा करायचं का?

पडताळणीसाठी एका साइटवर डंपर मोजले, पण तिथे हिशोब ब्रासमध्ये! १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे ठीक; पण मोकळ्या राड्यारोड्याची घनता किती धरू? वजनकाट्याच्या पावत्या कुणाकडे असतील तर फार उपकार होतील. सोसायटीचं नाव झाकून दिल्या तरी चालेल.