किरणोत्सव म्हणजे देवाचा पुरावा? उगं काहीतरी!

रंकाळाकाठ: कालपासून एक पोस्ट फिरतीय. 'सूर्य स्वतः महालक्ष्मीच्या पायाशी येतो, नास्तिकांनो, आणखी काय पुरावा पाहिजे?' चौघांनी पाठवली, चौथा सख्खा भाचा, म्हणून लिहितोय. कोल्हापूरच्या देवळात मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर पडतात, तो किरणोत्सव ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला. १० नोव्हेंबरनंतर ४२ दिवसांनी २२ डिसेंबर, म्हणजे सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो तो दिवस, तिथून ४१ दिवसांनी १ फेब्रुवारी. दक्षिणेला गेलेला सूर्य परतताना पुन्हा त्याच जागी मावळतो आणि देऊळ पश्चिमाभिमुख आहे. पुरावा आहे तो बांधणाऱ्याच्या डोक्याचा. त्या बिचाऱ्याचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही.

जुनी_पेठ: काका, हिशेब झकास. मग एवढं सांगा, दोन्ही वेळा पहिल्या दिवशी पाय आणि तिसऱ्या दिवशी मुख असंच का म्हणतात? एकदा सूर्य दक्षिणेला चाललेला असतो, एकदा परत येत असतो. क्रम उलटा नको का व्हायला?

रंकाळाकाठ: मुद्दा बरोबर आहे. मला उत्तर येत नाही. पण मला येत नाही म्हणजे देवी आहे, असं होत नाही भावा.

न्यायाचा_विद्यार्थी: मडकं आहे म्हणजे कुंभार आहे. जग हे कार्य, म्हणजे घडवलेली गोष्ट, म्हणून त्याला कर्ता हवा. न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात हे कधीच मांडून ठेवलंय.

रंकाळाकाठ: आणि त्या कुंभाराला कुणी घडवलं? सांख्यदर्शनाच्या सांख्यसूत्रात सरळ 'ईश्वरासिद्धेः', म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही, असं म्हटलंय. वेद प्रमाण मानणारे मीमांसकही जगाचा कर्ता मानत नाहीत. हे कुणी परदेशी नास्तिक नव्हेत.

न्यायाचा_विद्यार्थी: 'असिद्ध' म्हणजे 'नाही' नव्हे. नसल्याचं सिद्ध करून दाखवा की!

रंकाळाकाठ: बरं, नाही येत दाखवायला. झालं समाधान? माझ्या माळ्यावर अदृश्य हत्ती नाही, हेही मला सिद्ध करता येत नाही.

पूरग्रस्त२०१९: तुमचं चालू द्या. २०१९ ला आमचं घर चार दिवस पाण्यात हुतं. आई म्हणती, आईसाहेबांनी वाचवलं. शेजारची म्हैस दावणीलाच मेली. तिचं काय पाप हुतं?

जुनी_पेठ: दावं न सोडता माणसं पळाली, त्यात देवीचा काय दोष?

पूरग्रस्त२०१९: रात्री दोन वाजता छातीएवढ्या पाण्यात दावं सोडायला तू आला हुतास काय रं? पेठेत बसून ग्यान पाजळू नकोस.

जुनी_पेठ: चुकलं. एवढं बोलायला नको होतं.

करवीरकर: मूळ पोस्टमध्ये 'महालक्ष्मी' लिहिलंय, ते कुणाला खटकलं नाही? ती अंबाबाई! मागं सिंह, मस्तकावर नाग आणि लिंग. विष्णूची बायको कुठनं आली?

दर्शनरांग: तिरुपतीहून, म्हणजे विष्णूच्याच देवळातनं, दरवर्षी नवरात्रात शालू येतो, तो कुणाला मग?

करवीरकर: शालू आला म्हणून नातं ठरतं काय? आमच्या बायकोला माहेरच्या शेजारणीनं पण साडी दिलीय.

दर्शनरांग: आमची आजी आयुष्यभर 'महालक्ष्मी' म्हणाली. तिला अडाणी म्हणताय?

करवीरकर: आमची 'अंबाबाई' म्हणायची. चला, आज्या मोजूया.

न्यायाचा_विद्यार्थी: हातात म्हाळुंगाचं फळ, गदा, ढाल, पानपात्र. ही आदिशक्ती. नाव काहीही घ्या.

करवीरकर: 'काहीही घ्या' कसं? नावावरच तर सगळं आहे!

दर्शनरांग: नावाचं मरू दे, बिंदू चौकात गाडी लावायला जागा मिळाली तर मी देव मानतो.

रंकाळाकाठ: मंडळी, प्रश्न देव आहे की नाही, हा होता.

करवीरकर: थांबा काका. आधी नाव ठरू दे, मग आहे का नाही ते बघू.