डेबियन सर्व्हरवर 'आरसी'च्या १८७ ओळी, पर्ज करू का?

कोयनाकाठ:
आमच्या शाळेच्या लॅबमधला सर्व्हर मी २०१९ पासून सांभाळतोय. डेबियन १० (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं होतं, मग ११, आणि या मे महिन्याच्या सुट्टीत १२. काल पॅकेजेसची, म्हणजे सॉफ्टवेअरची, यादी दाखवणारं डीपीकेजी -एल चालवलं तर 'आरसी'ने सुरू होणाऱ्या १८७ ओळी निघाल्या. जुने कर्नल, पीएचपी ७.३, काय नि काय. नको असलेली पॅकेजेस काढणारं ॲप्ट ऑटोरिमूव्ह म्हणतं, काढण्यासारखं काही नाही. डीपीकेजीची स्टेटस फाइल उघडून या ओळी हातानेच उडवल्या तर चालेल का? पुढच्या वर्षी सर्व्हर दुसऱ्या सरांकडे जाणार आहे. त्यांच्या हाती यादी स्वच्छ जावी असं मनापासून वाटतं.

टर्मिनलवाला:
सर, त्या फाइलला हात लावू नका. डीपीकेजीचा सगळा हिशेब तिच्यावर चालतो.

'आर' म्हणजे काढायला सांगितलेलं, 'सी' म्हणजे फक्त कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइल्स उरलेल्या. रिमूव्हने प्रोग्राम जातो, ईटीसी फोल्डरमधल्या सेटिंग्ज राहतात, पॅकेज परत टाकलं तर जुनी घडी मिळावी म्हणून. ऑटोरिमूव्ह बसवलेलीच पॅकेजेस बघतं, त्यामुळे या ओळी त्याच्या नजरेत येत नाहीत. पर्ज म्हणजे सेटिंग्जसकट काढणं. ॲप्ट पर्जला अवतरणचिन्हांत '~सी' द्या, सगळ्या एका दमात जातील. ॲप्ट २.० पासून हे चालतं. आधी -एस लावा, म्हणजे काही न पुसता नुसती यादी दिसेल.

रात्रपाळी:
त्या यादीत डेटाबेस आहे का ते नीट बघा, घाई करू नका. पर्ज करताना पॅकेजची स्वतःची स्क्रिप्ट चालते. पोस्टग्रेस या डेटाबेसची स्क्रिप्ट विचारते, डेटाही काढू का? आणि 'हो' आधीच निवडलेलं असतं. एका गिऱ्हाइकाकडे रात्री दोन वाजता मी न वाचता एंटर दाबला. बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा होता. मधल्या सगळ्या पावत्या त्यांच्या बायकांनी-मुलांनी बसून हाताने भरल्या. ते घर मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

कोयनाकाठ:
बरं झालं लिहिलंत. यादीत पोस्टग्रेस ११ आहे! आणि त्याच्या डेटाच्या फोल्डरमध्ये ६४० एमबी. डेबियन ११ च्या अपग्रेडनंतर पोस्टग्रेस १३ आलं तेव्हा ग्रंथालयाची पुस्तकं नव्याने भरली होती. म्हणजे २०१९ ते २१ ची देवघेव तिथेच पडून आहे.

टर्मिनलवाला:
ते फोल्डर आधी टार करून, म्हणजे एका फाइलमध्ये बांधून, बाहेरच्या डिस्कवर घ्या. तुमच्याकडचं, डेबियन १२ बरोबर आलेलं पोस्टग्रेस १५ ते थेट वाचणार नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) डेबियन १० टाका, त्याची पॅकेजेस डेबियनच्या जुन्या संग्रहात मिळतात. तिथल्या पोस्टग्रेस ११ वर ते चालवून डम्प, म्हणजे डेटाची दुसरीकडे भरता येणारी प्रत, काढा. तोवर पर्जमधून पोस्टग्रेस वगळा, बाकीच्या ओळी खुशाल घालवा.

कोयनाकाठ:
रविवार गेला, पण डम्प निघाला. आता 'आरसी'च्या दोनच ओळी आहेत, दोन्ही पोस्टग्रेसच्या. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली त्या आठवड्यात सातवीच्या मुलांनी नेलेली ४३ पुस्तकं नावानिशी सापडली. ग्रंथपालबाईंना प्रिंट काढून दिली आहे.